व्हीलीत गाडी ओढते, डोलते किंवा झटके देते? मागच्या चाकापासून सुरुवात करा

दोन्ही चाकं जमिनीवर असताना मोटरसायकल मुकाट चालते आणि पुढचं चाक उचललं, म्हणजे व्हीली केली, की बिघडते. दुरुस्त केली की आठ दिवस बरी, मग पुन्हा तेच. अशा वेळी पहिला ठपका चालवणाऱ्यावर येतो: हात बसलेला नाही, सराव कमी आहे. सराव लागतोच, पण तीच खोड तीच बाजू धरून पुन्हा पुन्हा येत असेल तर ती बहुतेक वेळा मागच्या चाकाच्या बसवणीत असते आणि पान्याने निघते.

लक्षणं

- चाक उचललं की गाडी दर वेळी एकाच बाजूला जाते.
- मागचा भाग शेपटीसारखा डोलतो. सेकंदाला दोन-तीन वेळा, संथ, पण वाढत जाणारा.
- तोल सापडल्यावर रेस जराशी कमी-जास्त केली की टक्क असा खटका बसतो आणि पुढचं चाक खालीवर उचकतं.
- मागचा भाग स्प्रिंगवर बसल्यासारखा उड्या घेतो.
- मागचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सावकाश उतरत नाही. एकदम आदळतं, किंवा ब्रेक लाटा आल्यासारखा लागतो.
- चाक टेकताना हँडल डावी-उजवीकडे झटकतं.

नेमकं कोणतं लक्षण आहे ते लिहून ठेवा. "गाडी हलते" एवढ्यावर काही सापडत नाही.

मागच्या चाकावर एवढा भार का

दोन्ही चाकं टेकलेली असताना गाडी एका बाजूला झुकली की हँडल आपोआप त्या बाजूला थोडं वळतं आणि गाडी पुन्हा सरळ होते. हे इतकं सतत चालू असतं की जाणवतही नाही. मागच्या चाकाचा छोटा दोषही त्यात झाकला जातो. पुढचं चाक हवेत गेलं की ही दुरुस्ती बंद पडते. फिरतं पुढचं चाक थोडा स्थिरपणा देतं, पण ते हळूहळू मंदावतं, म्हणून लांब व्हीलीच्या शेवटी डोलणं वाढतं.

शिवाय एरवी दोन टायरांत साधारण निम्मा-निम्मा वाटलेला भार आता सगळा मागच्या टायरवर येतो, म्हणजे जवळपास दुप्पट. जो टायर, जी बेअरिंग, जो शॉक (शॉक ॲब्सॉर्बर) निम्म्या भाराला पुरे पडत होता, तो इथे उघडा पडतो. व्हीली नवा दोष तयार करत नाही, असलेला दाखवते.

हात लावण्यापूर्वी

तपासणी गाडी उभी ठेवून, इंजिन बंद करून, गिअर न्यूट्रलला ठेवून करायची. चेन बघायला चाक हातानेच फिरवा. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चाक फिरवत चेनला कापड लावणं ही बोटं गमावण्याची सगळ्यात ठरलेली पद्धत आहे. चाचणी बंद, मोकळ्या, परवानगी असलेल्या जागेतच, पूर्ण संरक्षक कपडे आणि हेल्मेट घालून. रस्त्यावर नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हवा, चेन आणि शॉक एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

१. हवा

टायर थंड असताना, गाडी निदान तीन तास उभी राहिल्यावर, गेजने मोजा. अंगठ्याने दाबून काही कळत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत मागच्या टायरला, गाडीवर एकटाच स्वार असताना, २८ ते ३३ पीएसआय आणि मोठ्या स्पोर्ट गाड्यांत ३६ ते ४२ पीएसआय अशी शिफारस असते. खरा आकडा स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या, वरखाली हलणाऱ्या दांड्यावरच्या) किंवा चेनगार्डवरच्या चिकटपट्टीवर असतो. सुरुवात तिथून.

हवा कमी असेल तर टायरच्या भिंती दुमडतात आणि गाडी रबरावर डोलते: ती शेपटीसारखी हालचाल. हवा जास्त असेल तर जमिनीला टेकणारा भाग लहान होतो, टायर कडक होतो आणि मागचा भाग उड्या घेतो. स्टंट करणारे बंद मैदानात, कमी वेगाच्या व्हीलीसाठी मुद्दाम हवा बरीच कमी ठेवतात, कारण टेकणारा भाग रुंद होतो आणि चाक सावकाश वागतं. ते बघून रस्त्याच्या गाडीतली हवा काढू नका. कमी हवेत टायर रिमवर सरकतो. ट्यूबचा टायर असेल तर त्याच्याबरोबर ट्यूब सरकते आणि व्हॉल्व्हची मान मुळाशी फाटते. हवा एका क्षणात जाते, आणि तेव्हा पुढचं चाक हवेत असतं. व्हॉल्व्ह रिममधून तिरका बाहेर आलेला दिसला तर हे सरकणं सुरू झालेलं आहे.

दर आठवड्याला हवा कमी होत असेल तर भरत राहू नका. साबणाचं पाणी व्हॉल्व्हच्या टोकावर, मुळाशी आणि रिमच्या कडेवर लावा, बुडबुडे जागा दाखवतील. तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण दीड ते दोन पीएसआय आपोआप कमी होतं, तेवढ्यावरून गळती समजू नका.

२. टायरचा आकार

गाडीच्या मागे उकिडवे बसून टायरकडे बघा. नव्या टायरचा माथा गोल असतो. सरळ रस्त्यावर खूप चाललेल्या टायरचा मधला भाग सपाट होतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कड तयार होते. पट्टी आडवी ठेवली तर सपाटी लगेच कळते. दोन चाकांवर ही कड वळणात जराशी जाणवते. व्हीलीत मात्र गाडी सपाट भागावर ठाम उभी वाटते आणि अंश-दोन अंश कलली की कडेवरून घसरल्यासारखी एकदम पडते. सावरायला वेळच मिळत नाही. एका बाजूची झीज दुसरीपेक्षा जास्त असेल तर ओढणंही तिकडचंच.

रिमच्या मानाने फार रुंद टायर बसवला असेल तर त्याच्या भिंती आत दाबल्या जातात आणि माथा टोकदार होतो. दिसायला भारदस्त, पण तोल धरायला वाईट. कंपनीने दिलेल्या मापाला परत या.

टायर रिमवर नीट बसला आहे का तेही इथेच बघा. भिंतीवर रिमलगत एक बारीक गोल रेघ असते, तिचं रिमपासूनचं अंतर सगळीकडे सारखं हवं. दिशेचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. भिंतीवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात: २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. भिंतीला चिरा असतील, फुगवटा असेल किंवा पंक्चरचा प्लग असेल तर नक्षी कितीही शिल्लक असो, त्या टायरवर व्हीली नाही.

३. चेन

पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारींचं घर हेच. तोल धरून ठेवताना रेस थोडी देणं, थोडी सोडणं सतत चालू असतं. प्रत्येक वेळी चेनची ढील आधी खालच्या बाजूला, मग वरच्या बाजूला जाते. ढील जास्त असेल तर मनगट हललं त्या क्षणी काहीच होत नाही आणि नंतर सगळं एकदम येतं. तोच तो टक्क. चालवणारा घाबरून रेस जास्त सोडतो, पुढचं चाक पडायला लागतं, तो पुन्हा देतो. बाहेरून बघणाऱ्याला हे कच्चं मनगट वाटतं.

ढील खालच्या बाजूला, दोन स्प्रॉकेटच्या (चेन फिरते त्या दातेरी चक्रांच्या) मधोमध, वरखाली हलवून मोजायची. बहुतेक रस्त्याच्या गाड्यांना २० ते ४० मिमीच्या आतला एखादा पट्टा सांगितलेला असतो, मातीतल्या लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना जास्त. आता महत्त्वाचं: एका जागी मोजून थांबू नका. चाक थोडं थोडं फिरवत निदान सहा-आठ जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ३५ मिमी भरेल आणि अर्ध्या फेऱ्यानंतर १५. ढील नेहमी सगळ्यात ताठ जागेवर लावायची. ढिल्या जागेवर लावली तर ताठ जागा आल्यावर चेन सस्पेन्शनला ओढून धरते, एक्सेलवर (चाकाच्या मधल्या दांड्यावर) आणि बेअरिंगवर ताण देते आणि आठवड्याभरात स्वतःच पुन्हा ढिली होते. "चेन लावली तरी परत ढिली होते" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं. ताठ आणि ढिल्या जागेत फार फरक असेल तर लावून उपयोग नाही, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

झीज बघायला मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा दिसला तर चेन संपली. नेमकं मोजायचं तर चेन ताणून २० कड्यांचं अंतर घ्या. ४२८ मापाच्या नव्या चेनमध्ये ते २५४ मिमी असतं, ५२० किंवा ५२५ मध्ये ३१७.५ मिमी. दोन टक्के वाढलं, म्हणजे साधारण २५९ किंवा ३२४ मिमी झालं, तर पुढे विचार नको. काही गाड्यांच्या पुस्तिका याआधीच थांबायला सांगतात.

फार ताठ चेन ढिल्या चेनपेक्षा वाईट. मागचं चाक वर दाबलं गेलं की पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा खिळा आणि मागचा एक्सेल एका रेषेत येतात, आणि चेन तिथे सगळ्यात ताठ होते. त्या रेषेतही बोटाला जाणवेल एवढी ढील उरलीच पाहिजे. गाडीवर दोन माणसं बसवून बघा.

४. चाकाची रेष

एकाच बाजूला ओढणं आणि टेकताना हँडल झटकणं ही दोन्ही लक्षणं बरोबर असतील तर चाक तिरकं आहे असं धरूनच चला. मागचं चाक डावीकडे बघत असेल तर व्हीलीत गाडी त्या चाकाच्या दिशेने जाते, पण सांगाडा दुसरीकडे बघत असतो. मग पुढचं चाक जमिनीला टेकतं तेव्हा ते धावण्याच्या दिशेला तिरकं असतं, आणि हँडल हिसका मारून सरळ होतं.

स्विंगआर्मवरच्या खुणांवर विसंबू नका. दोन्ही बाजूंच्या खुणा कारखान्यातूनच थोड्या वरखाली असू शकतात. दोऱ्याने बघा. गाडी सरळ उभी करा, हँडल सरळ. मागच्या टायरच्या मागून दोरा घ्या, स्टँड आणि सायलेन्सरला न लागता जितका उंच जाईल तितका, आणि दोन्ही टोकं पुढच्या टायरच्या पुढे न्या. दोरा ताणून दोन्ही बाजूंनी इतका आत आणा, की तो मागच्या टायरच्या पुढच्या कडेला नुसता शिवेल. पुढचा टायर अरुंद असतो, त्यामुळे तिथे दोन्हीकडे फट राहते. ती दोन्हीकडे सारखी हवी. काही गाड्यांत चाकं मुद्दाम काही मिमी बाजूला बसवलेली असतात, पुस्तिकेत बघून घ्या.

डावीकडची फट मोठी असेल तर मागचं चाक डावीकडे बघतंय. एक्सेलचं उजवं टोक मागे घ्या किंवा डावं पुढे. किती? दोन ॲडजस्टरमध्ये (एक्सेलच्या दोन टोकांना चेन ताणायचे बोल्ट असतात त्यांच्यात) २२५ मिमी आणि दोन चाकांमध्ये १३५० मिमी अंतर धरा. ॲडजस्टरवर १ मिमी चूक म्हणजे पुढच्या चाकापाशी ६ मिमी, आणि दोन फटींमध्ये १२ मिमीचा फरक. ८ मिमीच्या बोल्टचा सर्वसाधारण आटा एका पूर्ण फेऱ्यात १.२५ मिमी सरकतो, म्हणजे नट एक कड (फेऱ्याचा सहावा भाग) फिरवला की जेमतेम ०.२ मिमी. काम इतकं बारीक आहे, घाई करू नका.

आता आवळणं. इथेच केलेलं काम वाया जातं. नट आवळताना एक्सेल थोडा सरकतो आणि लावलेली रेष बिघडते. उपाय साधा आहे: वरच्या बाजूला चेन मागच्या स्प्रॉकेटला मिळते तिथे, दाते आणि चेनमध्ये कापडाची जाड घडी किंवा स्क्रूड्रायव्हरचा दांडा ठेवा आणि चाक हाताने मागे फिरवून चेन ताठ करा. एक्सेल पुढे खेचला जाऊन दोन्ही ॲडजस्टरवर घट्ट बसतो. तसाच धरून नट आवळा. टॉर्क पाना वापरा. छोट्या गाड्यांत आकडा साधारण ६० ते ७० आणि मोठ्या गाड्यांत १०० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेतूनच घ्या. स्प्लिट पिन असेल तर नवीन घाला. मग ढील आणि दोरा दोन्ही पुन्हा बघा.

५. एक्सेल कुठे बसलाय

चाक सरळ असूनही, आधी नीट चालणारी गाडी स्प्रॉकेट बदलल्यापासून चंचल झाली असेल तर इथे बघा. तीच चेन ठेवून मागचं स्प्रॉकेट एका दाताने वाढवलं की चाक चेनच्या पाव कडीइतकं पुढे येतं: ४२८ ला सुमारे ३ मिमी, ५२० ला सुमारे ४ मिमी. चार दात वाढवले तर दीड सेंटिमीटरच्या आसपास. चाकांमधलं अंतर कमी झालं की पुढचं चाक लवकर उचलतं, पण तोल धरण्याची जागाही अरुंद होते. एक्सेल ज्या खाचेत सरकतो तिच्या मधोमध किंवा थोडा मागे ठेवा. उचलायला थोडं जड, धरायला बरंच सोपं. त्यासाठी चेन दोन कड्यांनी लांब घ्यावी लागली तर घ्या.

पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करणं हे मागचे तीन दात वाढवण्याच्या जवळपास असतं. १४/४२ चं १३/४२ केलं तर गुणोत्तर ३.०० वरून ३.२३ होतं, आणि १४/४५ ला ३.२१. गिअर जितका आखूड, तितकी मनगटाची प्रत्येक हालचाल चाकावर जोरात पोचते. खटक्याची तक्रार असलेल्या गाडीला आणखी आखूड गिअर देऊ नका.

६. कपलिंग रबर

मागचं स्प्रॉकेट आणि चाक यांच्यामध्ये धक्के झेलणारी रबरं असतात. चेन बरोबर आहे, तरी खटका आहे? चाक एका हाताने घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने मागचं स्प्रॉकेट पुढेमागे फिरवा. रबर दाबलं जाताना जो दाब लागतो तो ठीक. त्याआधीच स्प्रॉकेट सैल हललं तर रबरं झिजून दबलेली आहेत. चाक काढून बदलता येतात, काम तासाभराचं. सगळी एकदम बदला. जुन्या रबरांत सायकलच्या ट्यूबचे तुकडे कोंबून प्ले (सैलपणा) काढलेला अनेक गाड्यांत सापडतो. ते तुकडे चुरा होतात आणि खटका परत येतो.

७. मागचा ब्रेक

व्हीलीत गाडी मागे उलटू लागली तर वाचवणारी ही एकच गोष्ट. ब्रेक संशयास्पद असेल तर बाकी काहीही तपासत असा, चाक उचलायचं नाही. ड्रम असेल तर पेडलचा मोकळा प्रवास साधारण २० ते ३० मिमी हवा. एक्सेल मागेपुढे केला की हा प्रवास बदलतो, म्हणून चेन लावल्यावर ब्रेकही लावायचाच. लाटांसारखा लागणारा ब्रेक म्हणजे लंबगोल झालेला ड्रम किंवा वाकडी डिस्क. चाक हाताने फिरवताना घसटण्याचा आवाज एकाच जागी येतो का ऐका. लांब व्हीलीच्या सरावात डिस्क ब्रेकचं ऑइल तापून पेडल मऊ पडतं. पेडल खोल जायला लागलं की थांबा, थंड होऊ द्या, आणि जुनं ऑइल बदला.

८. बेअरिंग आणि स्विंगआर्म

मागचं चाक हवेत उचला. टायर वर आणि खाली धरून आडवा हलवा, मग पुढे आणि मागे धरून हलवा. स्विंगआर्म कोणालातरी घट्ट धरायला सांगा. तरीही टायर हलला तर चाकाची बेअरिंग गेली. स्विंगआर्मच हलत असेल तर त्याचे बुश. यात थोडा प्ले चालतो असं काही नाही: बोटाला जाणवला म्हणजे बदलायचा. चाकाशी मिलिमीटरभर वाटणारा प्ले सीटपाशी चांगलाच मोठा होतो.

तारांचं चाक असेल तर पान्याने प्रत्येक तार हलकेच ठोका. ताणलेली तार टणकन वाजते, ढिली तार धप्प. स्विंगआर्मला एक खिळा किंवा तार बांधून रिमपासून थोडी दूर ठेवा आणि चाक फिरवा. चाक आडवं किंवा उभं २ मिमीपेक्षा जास्त आउट असेल तर ते सरळ करायला हवं.

९. शॉक

सगळ्यात शेवटी, कारण शॉक महाग आहे आणि दोषी क्वचितच असतो. दोन शॉकची गाडी असेल तर पहिल्यांदा दोन्ही शॉकच्या प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवली आहे त्याच्या) पायऱ्या मोजा. एक दुसरीवर आणि एक चौथीवर सापडणं नवीन नाही. मग स्विंगआर्म पिळला जातो आणि गाडी एका बाजूला कलते.

चाक हवेत असताना एक्सेलपासून सरळ वर सीटखालच्या ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा, मग स्वार पूर्ण कपड्यांनिशी बसल्यावर तेच अंतर. फरक चाकाच्या एकूण प्रवासाच्या साधारण एक तृतीयांश हवा. प्रवास १२० मिमी असेल तर ४० मिमीच्या आसपास. जास्त बसत असेल तर प्रीलोड एक पायरी वाढवा. सीट जोरात दाबून सोडा. मागचा भाग सावकाश वर येऊन थांबला पाहिजे. वर-खाली दोनदा हलला तर तो शॉक स्प्रिंग आहे, शॉक नाही. दांड्यावर ऑइल दिसलं तर प्रीलोड फिरवून काही होणार नाही.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

सगळं बरोबर असूनही दोऱ्याची फट जुळत नसेल, किंवा जुळवायला दोन ॲडजस्टर स्पष्टपणे वेगवेगळ्या जागी न्यावे लागत असतील, तर स्विंगआर्म किंवा सांगाडा वाकला आहे. पुढचं चाक वारंवार आदळलेल्या गाडीत हे होतं. घरी सरळ करायचा प्रयत्न नको. वेल्डिंगजवळ रंगात केसासारखी रेघ दिसली तर गाडी चालवूही नका. रिमला तडा, वाकलेला एक्सेल, तारांचं चाक नव्याने बांधणं, बेअरिंग प्रेसने बसवणं आणि गॅस भरलेला शॉक उघडणं ही कामं अवजारं असलेल्याचीच. गॅसचा शॉक दाबाखाली असतो, तो उघडताना माणसं जखमी होतात. एबीएस किंवा ट्रॅक्शन कंट्रोलची गाडी असेल आणि टायरचं माप बदलल्यावर दिवा लागला असेल तर तेही त्यांच्याकडेच.

जाताना मोजलेले आकडे लिहून न्या: हवा, ताठ आणि ढिल्या जागेची चेन, दोन्ही फटी, स्वार बसल्यावरचा फरक. आणि काम होऊन आल्यावर पहिल्या ५० किलोमीटरनंतर एक्सेलचा नट आणि चेन पुन्हा एकदा तपासा, तेही दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून चालवलेल्या ५० किलोमीटरनंतर.